राइसांची वारस नोंद

माझ्या सुनेच्या आईचं माहेरचं आडनाव राइस. लग्न ठरल्यावर वाईला आईला फोन केला, तर ती म्हणाली, "म्हणजे तांदळाचे व्यापारी का गं ते?" मी म्हटलं, "अगं, आपल्याकडे तांदळे असतात ना, तसं समज." तिचं समाधान झालं. हे आडनाव मुळात वेल्समधल्या ऱ्हीस या नावावरून आलेलं, असं नंतर समजलं. सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

माझी नोकरी महसूल खात्यात. तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. चौतीस वर्षांत वारस नोंदी किती केल्या असतील, मोजदाद नाही. खातेदार वारला की घरचे मृत्यूचा दाखला घेऊन येणार, मी सहा-क च्या नोंदवहीत वारसांची नावं लिहिणार, मग फेरफार, नोटिसा, आणि शेवटी सातबारावर नावं चढणार. कागद साधा असतो. पण तो भरताना माणसं काय काय विसरतात! दुसरी बायको विसरतात, मुंबईला गेलेला भाऊ विसरतात, आणि बहिणी तर हमखास. "त्यांची काही हरकत नाही बाई, हक्कसोड करून देतील." हक्कसोडपत्रावर सही करताना त्या बहिणीकडे कुणी बघत नसे. मी बघायचे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे सुनेचा मामा. सत्तरी ओलांडलेला, उंच, ऐकायला जरा कमी येतं. मुलाचं घर बॉस्टनच्या पश्चिमेला, अ‍ॅशलँडच्या लक्ष्मी मंदिरापासून गाडीने वीस मिनिटांवर. मामा राहतात त्याच्याही पलीकडे. त्यांच्या जिन्यात चौकटीत घातलेली भलीमोठी वंशावळ आहे. सगळ्यात खाली मामा आणि त्यांचे मुलगे. वर चढत गेलं की बाराव्या पायरीच्या आसपास डीकन, म्हणजे चर्चचे सेवेकरी, एडमंड राइस, १६३८ साली इंग्लंडहून आलेले. त्यांच्याही वर, जिथे जिना संपतो तिथे, वेल्सचे राजे. सुनेने माझी ओळख 'जमिनीच्या रेकॉर्डवाल्या' अशी करून दिली, तेव्हा मामांनी पेटी उघडली. दोन हिवाळे मी त्या पेटीत होते. बाहेर गुडघाभर बर्फ, माणूस करणार तरी काय?

राजांचं प्रकरण अर्ध्या तासात मिटलं. त्यांच्याच पेटीतल्या एका जुन्या मासिकाच्या कात्रणात लिहिलं होतं की डीकनचं मूळ इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यात सापडतं आणि राजघराण्याशी जोडलेला धागा निराधार आहे. अमेरिकेतल्या जाणकारांनी हे १९३० च्या दशकातच मान्य केलेलं. मामांनी कात्रण जपून ठेवलं होतं, आणि राजेही ठेवले होते. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या घराचा मूळ पुरुष उदेपूरहून आलेला असतो.

डीकन मात्र खरे निघाले, आणि राजांपेक्षा कितीतरी चवदार. जन्म साधारण १५९४ चा. सफोकमधून बायकामुलांसह हर्टफर्डशरमधल्या बर्कमस्टेडला आले आणि तिथून चाळिशी उलटल्यावर, पदरात पोरांचं लेंढार असताना, समुद्र ओलांडला. एकट्याने साहस करायला निघालेला हा तरुण नव्हे. प्युरिटन, म्हणजे चर्च साधंच हवं म्हणणारे इंग्रज, त्यांचं हे वैशिष्ट्यच. १६२९ ते १६४० या काळात न्यू इंग्लंडला, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, वीसेक हजार माणसं आली, ती मुख्यतः कुटुंबंच्या कुटुंबं. राजा पहिला चार्ल्स आणि १६३३ पासून त्याचा आर्चबिशप विल्यम लॉड यांनी चर्चमध्ये पुन्हा झूल-झालर आणली, ती यांना सोसवेना. शाळेत नातवाला शिकवलं की ते 'धर्मस्वातंत्र्यासाठी' आले. स्वतःसाठी हवं होतं ते खरं. पण दुसऱ्याला द्यायची वेळ आली तेव्हा त्यांच्या याच मॅसॅच्युसेट्स वसाहतीने क्वेकर पंथाच्या लोकांना फासावर चढवलं, आणि १६५९ साली नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. नाताळला दंड! नातवाचा यावर अजून विश्वास नाही.

ते कोणत्या जहाजाने आले, त्याची यादी सापडलेली नाही. पण जमिनीची नोंद आहे आणि मला तेवढं पुरे. सडबरी हे गाव नुकतंच वसत होतं. जमीन कार्टे नावाच्या मूळ रहिवाशाकडून घेतलेली. एडमंड राइस गावच्या पंचांत बसले, १६४० साली वसाहतीच्या सभेत प्रतिनिधी म्हणून गेले, १६४८ साली चर्चचे डीकन झाले. घर आजच्या वेलँडमध्ये. सडबरीचा हा पूर्वेकडचा तुकडा १७८० साली वेगळा झाला आणि १८३५ पासून त्याचं नाव वेलँड. पेटीत 'सडबरी' वाचून आजच्या सडबरीत शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. तालुक्यांची फेररचना झालेली माणसं हे लगेच ओळखतात.

त्या काळचे दस्त वाचताना मला माहेरी आल्यासारखं झालं. दक्षिणेस अमक्याची जमीन, पश्चिमेस नदी, तिथून दगडांच्या राशीपर्यंत, मग खूण केलेल्या पांढऱ्या ओक झाडापर्यंत. चतुःसीमाच की ही! पूर्वेस ओढा, उत्तरेस आंब्याचं झाड, आणि आंबा पडल्यावर दोन पिढ्या कोर्टात. अक्षर मात्र भयंकर. जुनं इंग्रजी दफ्तरी वळण म्हणजे त्यांची मोडीच. एस लांबलचक, सी दिसतो आरसारखा, शब्द अर्धवट तोडून वर एक शेपूट. मी खात्यात असताना मोडी शिकले होते, कडईपत्रकं, म्हणजे जमिनीचे जुने कागद, वाचण्यापुरती. त्याचा उपयोग एवढाच झाला की घाबरले नाही. अक्षर ओळखायच्या फंदात पडू नये. आधी मायना पाठ करावा, म्हणजे कुठे नाव येणार, कुठे आकडा येणार ते कळतं.

तारखांनी मामांना वीस वर्षं छळलं होतं. डीकनच्या दुसऱ्या लग्नाची तारीख १ मार्च, साल '१६५४/५५'. मामांनी यातला एक आकडा चूक समजून खोडला होता. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, ते १७५२ पर्यंत. म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांना दोन सालं लिहितात. त्यात प्युरिटनांना महिन्यांची नावं मूर्तिपूजकांची म्हणून नकोत. ते 'पहिला महिना' लिहितात आणि तो असतो मार्च! मला यात काहीच अवघड वाटलं नाही. आमचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं, सरकारचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला, गावाचं पाडव्याला. माणसाला एका वेळी तीन वर्षं सांभाळता येतात.

आता बायकांकडे येते.

राइस घराण्याची वंशावळ अँड्र्यू हेन्शॉ वॉर्ड यांनी १८५८ साली छापली. शेकडो पानं, हजारो नावं. त्यात डीकनच्या पहिल्या बायकोचं नाव नुसतं 'टॅमझिन'. माहेर कोरं. बाईने इंग्लंडमध्ये बाळंतपणं काढली, पोरांना घेऊन समुद्र ओलांडला, इथे येऊन १६४० साली पुन्हा बाळंत झाली, १६५४ साली वारली. आणि तिचं माहेर कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. तेही इथे सापडलं नाही. सापडलं सफोकमध्ये, चर्चच्या नोंदवहीत. थॉमसिन फ्रॉस्ट, स्टॅनस्टेड गावची, बाप्तिस्मा १६०० चा, लग्न १६१८ च्या ऑक्टोबरात बरी सेंट एडमंड्स इथे. हे वाचलं तेव्हा मी सुनेला म्हटलं, "बघ, तीनशे वर्षांनी का होईना, माहेर मिळालं बाईला." सून हसली. तिने लग्नानंतर नाव बदललेलं नाही. त्यावरून आमच्याकडे काय झालं ते आज राहू दे.

दुसरी बायको मर्सी, ही थॉमस ब्रिगहॅमची विधवा. ती आपली पोरं घेऊन राइसांच्या घरात आली, डीकनपासून रूथ आणि अ‍ॅन अशा दोन मुली झाल्या, आणि १६६३ च्या मे महिन्यात डीकन वारल्यावर तिने विल्यम हंटशी लग्न केलं. एकाच बाईची तीन आडनावं, तीन फायली, आणि तिन्ही पहिल्या नजरेत वेगवेगळ्या बायका वाटतात. मामांनी एक मर्सी चक्क दोनदा मोजली होती.

कायदा मात्र मला वाटलं होतं त्याहून बरा. वसाहतीच्या १६४१ च्या कायद्यात मृत्युपत्र नसेल तर थोरल्या मुलाला दुप्पट वाटा. इंग्लंडात तेव्हा जमीन सगळीच थोरल्याकडे जायची. मुलगे नसतील तर मुली सारख्या वाटेकरी. विधवेला तहहयात एक तृतीयांश. आपल्याकडे मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला, देशभर २००५ साली. कायदा आला त्या वर्षी हक्कसोडपत्रं कमी होतील असं मला वाटलं होतं. वाढली.

सडबरीचं गायरानावरून भांडण झालं, तो भाग मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. सामाईक कुरणात कुणाची किती गुरं, नव्या पोरांना हिस्सा द्यायचा की नाही, जुन्या हिस्सेदारांचं म्हणणं काय. दोन तट पडले. शेवटी १६५६ साली तेरा जणांनी, त्यात डीकन आणि त्यांचे मुलगे, अर्ज केला की पोरं मोठी झाली, गुरं वाढली, जागा पुरत नाही, पश्चिमेला आठ मैलांचा चौकोन द्यावा. सहा मैलांचा मिळाला. ते मार्लबरो. मुलगा म्हणाला, "आई, हे तर आपल्या गावच्या ग्रामसभेसारखं आहे." फरक एवढाच की आपल्या ग्रामसभेला शेजारी नवीन गाव वसवायची सोय नाही.

त्यांना तरी होती का? त्याच ठिकाणी ओकोमाकामेसिट नावाची वस्ती होती, ख्रिस्ती झालेल्या मूळ रहिवाशांची. जॉन एलियट या पाद्र्याच्या खटपटीने त्यांच्यासाठी सहा हजार एकर राखून ठेवलेले. मग १६७५ साली मूळ रहिवासी आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटलं. या लोकांना, ते इंग्रजांच्या बाजूचे असूनही, बॉस्टनच्या बंदरातल्या डिअर आयलंडवर नेऊन टाकलं. युद्ध संपल्यावर १६८४ साली मार्लबरोच्या लोकांनी ती जमीन त्यांच्यातल्या काहींकडून लिहून घेतली. वसाहतीच्या सभेने दस्त रद्दबातल ठरवला. जमीन तरी मार्लबरोवाल्यांकडेच राहिली. मी ते पान मिटून चहा करायला उठले. आमच्या जमीन महसूल संहितेत कलम छत्तीस आहे, आदिवासीची जमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. ते कलम का आहे हे ज्याने सातबारा सांभाळलाय त्याला समजावावं लागत नाही. मामांना विचारलं की जिन्यातल्या चौकटीत याचा उल्लेख कुठे आहे. ते म्हणाले, ही वंशावळ आहे, जमिनीचा इतिहास नव्हे. मी म्हटलं, मामा, मी दोन्ही एकाच टेबलावर लिहीत होते.

वंशावळीतून गळलेली आणखी एक फांदी आहे, आणि ती मला सगळ्यात जवळची. ८ ऑगस्ट १७०४. मार्लबरोचाच पश्चिमेकडचा भाग, आज त्याला वेस्टबरो म्हणतात. शेतात जवस पसरायचं काम चाललं होतं. कॅनडाकडून आलेल्या मोहॉक जमातीच्या लोकांनी झडप घातली. डीकनच्या नातवांची पोरं ती. पाच वर्षांचा नाहोर जागीच मारला गेला. अ‍ॅशर, अ‍ॅडोनायजा, सायलस, टिमोथी हे सात ते दहा वर्षांचे चार भाऊ-चुलतभाऊ पळवून नेले. अ‍ॅशरला चार वर्षांनी सोडवून आणलं. अ‍ॅडोनायजा तिकडेच माँट्रियलजवळ शेती करत राहिला. सायलस आणि टिमोथी कानावाके या मोहॉकांच्या गावी मोहॉकच झाले, आणि टिमोथी तर त्यांचा मुखिया.

हा टिमोथी १७४० साली, छत्तीस वर्षांनी, वेस्टबरोला आला. बरोबर दुभाष्या, कारण इंग्रजी तो पार विसरला होता. पण बापाचं घर त्याने ओळखलं. ज्या शेतातून उचललं ते शेत ओळखलं. काही म्हातारीकोतारीही ओळखली. आणि परत गेला. राहिला नाही. मायबोली जाते आणि बांध आठवतो. माझ्या नोकरीत मी मुंबईहून चाळीस वर्षांनी आलेले गिरणी कामगार पाहिलेत. मुलांची नावं सांगताना अडखळतील, पण बांधावरचं बोरीचं झाड नेमकं कुठे होतं ते पावलं टाकत दाखवतील.

कानावाकेत आजही राइस आडनावाचे लोक आहेत. डीकनच्या वेगवेगळ्या मुलांच्या वंशातल्या पुरुषांच्या डीएनए चाचण्या करून राइस वंशजांच्या मंडळाने खुद्द डीकनचं वाय गुणसूत्र कसं असेल ते जवळपास उभं केलंय, आणि कानावाकेच्या फांदीची खूणही त्याच्याशी जुळली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जातं, त्यामुळे माझ्या सुनेला ही चाचणी करून उपयोग नाही. तिच्या आईलाही नाही. घरात उरले मामा.

मामांनी ऐटीत लाळेचा नमुना पाठवला. निकाल आला: जुळत नाही. साफ वेगळा गट. मामा म्हणाले, प्रयोगशाळेने नमुन्यांची अदलाबदल केली. दुसऱ्यांदा पाठवला. तोच निकाल. आठवडाभर ते फोनवर आले नाहीत. विहीणबाई मला म्हणाल्या, तुम्हीच काहीतरी बघा.

मी तलाठ्याने जे करावं ते केलं. वरून खाली न येता खालून वर गेले, एकेक फेरफार तपासत. पाच पिढ्या स्वच्छ. सहाव्या पायरीला, १७९० च्या दशकात जन्मलेला एक मुलगा. जिन्यातल्या चौकटीत त्याचा बाप म्हणून एक राइस लिहिलेला. मॅसॅच्युसेट्समधल्या गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी छापून ठेवल्यात, फार उपयोगी पुस्तकं आहेत ती. त्यात या मुलाच्या नावापुढे फक्त आईचं नाव होतं. बापाचं नाहीच. आईचं आडनाव राइस. चौकटीत जो बाप दाखवला होता तो या मुलीचा बाप, म्हणजे मुलाचा आजोबा. कुणीतरी, कधीतरी, सोयीसाठी मधली एक पायरी उचलून टाकली होती, आणि त्या पायरीवर ती मुलगी उभी होती.

तिच्या वरच्या पायऱ्या मी तीनदा पाहिल्या. बाप, आजा, पणजा, थेट डीकनपर्यंत कागद शाबूत. म्हणजे मामा डीकनचे वंशज आहेतच, पूर्ण बारावी पिढी. मी त्यांना सांगितलं, मुलीचा मुलगा वारस असतो. त्यांचा चेहरा काही उजळला नाही. आता त्यांनी त्या न लिहिलेल्या बापाचा माग काढायला घेतलाय. चाचणीत ज्या आडनावाचे पुरुष त्यांच्याशी जुळतात, त्या सगळ्यांना पत्रं जाताहेत. जिन्यातली चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

विहीणबाई मात्र परवा माझ्याकडे आल्या. आम्ही दोघी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसलो. त्या मुलीच्या बापाचं मृत्युपत्र सापडलं होतं. मुलग्यांना जमीन, आणि तिला एक गाय, पश्चिमेकडच्या खोलीत राहायचा आणि चुलीवर रांधायचा हक्क, ती अविवाहित राहील तोवर. तिच्या मुलाचं नाव वेगळ्या ओळीत, नातू म्हणून, स्पष्ट अक्षरात. बापाने लिहिलं होतं. खोडलं ते नंतरच्यांनी.

विहीणबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग विचारलं, तिचं पुढे लग्न झालं असेल तर गाय कुणाची?

मी चष्मा पुसला आणि पुढचं पान उघडलं.